फोर-व्हील ड्राइव्ह वाहन : चालन व निगा

इंजिनाची शक्ती चारही चाकांना पोहोचवण्याची सोय असलेले आणि बांधीव रस्ता सोडून चिखल, वाळू, कातळ, नदीपात्र अशा जमिनीवर नेता येणारे वाहन. बोलण्यात त्याला 'फोर बाय फोर' किंवा सरसकट 'जीप' म्हणतात. प्रस्तुत नोंद मुख्यतः ट्रान्सफर केस (पुढच्या व मागच्या आसांना शक्ती वाटणारी पेटी) आणि लो-रेंज गिअर (वेग उतरवून ओढ वाढवणारा जादा गिअर) असलेल्या वाहनांविषयी आहे. रस्त्यावरच्या मोटारींतील ऑल-व्हील ड्राइव्हचा उल्लेख जरुरीपुरताच केला आहे.

चारही चाकांना शक्ती दिल्याने टायर आणि जमीन यांमधील घर्षण वाढत नाही. जे घर्षण उपलब्ध आहे ते दोनाऐवजी चार ठिकाणी कामी येते, एवढेच घडते. त्यामुळे चढण चढताना व चिखलातून निघताना मोठा फरक पडतो. ब्रेक लावताना मात्र काहीच पडत नाही, कारण ब्रेक कोणत्याही मोटारीत चारही चाकांना असतातच. ओल्या घाटरस्त्यावर या वाहनांना होणाऱ्या अनेक अपघातांच्या मुळाशी हा गैरसमज असतो.

इतिहास. चारही चाके शक्तीने फिरवण्याची कल्पना प्रथम कोणाची, याविषयी एकमत नाही. टिमोथी बर्स्टॉल व जॉन हिल यांनी १८२० च्या दशकात स्कॉटलंडमध्ये तयार केलेल्या वाफेच्या गाडीत पुढच्या आसापर्यंत शक्ती नेण्याची व्यवस्था होती, असे काही लेखक नमूद करतात. ब्रॅमा जोसेफ डिप्लॉक या इंग्रज अभियंत्याचे वाफेच्या ट्रॅक्शन इंजिनासाठीचे पेटंट १८९३ चे आहे. फर्डिनांड पोर्शे यांनी १९०० च्या सुमारास लोनर कंपनीसाठी चारही चाकांच्या तुंब्यांत विजेच्या मोटरी बसवलेली गाडी बनवली; पण तिच्यात दांडा, दंतचक्रे आणि डिफरन्शिअल (दोन चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणारी दंतचक्रांची जुळणी) यांची साखळी नसल्याने आजच्या वाहनांशी तिचे नाते दूरचे आहे. पेट्रोल इंजिन आणि यांत्रिक शक्तिप्रेषण या दोन्ही कसोट्या लावल्या तर नेदरलँड्समधील स्पायकर कंपनीच्या १९०३ च्या '६० एचपी' या सहा सिलिंडरच्या गाडीला अग्रमान देणे अधिक सयुक्तिक वाटते. बेल्जियन अभियंता जोसेफ लाव्हिओलेट याने तिचा आराखडा केला होता. ती शर्यतीसाठी बनवलेली एकटीच गाडी होती. रस्ता सोडून चालणाऱ्या वाहनांची सलग परंपरा मात्र अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यातल्या क्लिंटनव्हिल गावी, ऑटो झाकॉ व विल्यम बेसरडिच यांच्या १९०८ च्या सुमाराच्या कामापासून सुरू होते. त्यांच्या एफडब्ल्यूडी कंपनीचे ट्रक पहिल्या महायुद्धात हजारोंनी वापरले गेले.

खरी अडचण पुढच्या चाकांची होती. ती वळलीही पाहिजेत आणि फिरवलीही गेली पाहिजेत. साध्या हूक सांध्यातून (गॅरेजच्या भाषेत 'क्रॉस') शक्ती कोनातून नेली, की पुढचा दांडा प्रत्येक फेऱ्यात दोनदा जलद व दोनदा मंद फिरतो. कोन वाढेल तसा हा झटका वाढतो. समान गतीचे सांधे आल्यावरच हे सुटले. फ्रान्समधील ट्रॅक्टा सांधा आणि आल्फ्रेड झेपा याचा सहा गोळ्यांचा सांधा हे दोन्ही १९२० च्या दशकाच्या उत्तरार्धातले. झेपा पद्धतीचा सांधा आज पुढची चाके फिरवणाऱ्या जवळजवळ प्रत्येक मोटारीत असतो.

जीपच्या जनकत्वाचा वाद अधिक गाजला. अमेरिकी लष्कराने जुलै १९४० मध्ये १३५ कंपन्यांकडे हलक्या टेहळणी गाडीची मागणी नोंदवली. पहिला नमुना ४९ दिवसांत हवा होता. पेनसिल्व्हेनियातील बटलर येथील अमेरिकन बँटम या छोट्या कंपनीने कार्ल प्रॉब्स्ट या अभियंत्याकडून आराखडा करून घेतला आणि २३ सप्टेंबर १९४० रोजी, मुदतीच्या शेवटच्या दिवशी, नमुना कॅम्प होलाबर्ड या लष्करी तळावर पोहोचवला. लष्कराने तो आराखडा विलिस-ओव्हरलँड व फोर्ड यांनाही दाखवला. विलिसचे ६० अश्वशक्तीचे इंजिन सरस ठरले आणि मोठे कंत्राट विलिसला, पुढे जोडीने फोर्डला मिळाले. युद्धकाळात दोघांनी मिळून सहा लाखांहून अधिक जीपगाड्या तयार केल्या. विलिसने जाहिरातींत निर्मितीचे श्रेय स्वतःकडे घेतल्यावर अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनकडे प्रकरण गेले, आणि कल्पना मुळात बँटम कंपनी व लष्करी अधिकारी यांची, असा निर्णय १९४८ मध्ये झाला. विलिसचा वाटा इंजिनाचा आणि उत्पादनक्षमतेचा होता. तो लहान नाही, पण वेगळा आहे.

युद्धोत्तर काळात ब्रिटनची लँड रोव्हर १९४८ मध्ये आली, तर जपानची टोयोटा 'बीजे' (पुढची लँड क्रूझर) १९५१ मध्ये. भारतात महिंद्र कंपनीने १९४७ च्या सुमारास मुंबईत विलिस जीपच्या जोडणीला सुरुवात केली. निसान कंपनीच्या 'पॅट्रोल' या गाडीवर आधारित 'जोंगा' लष्करासाठी जबलपूर येथे बनत असे. मारुतीची जिप्सी १९८५ पासून २०१८-१९ पर्यंत चालू राहिली. महिंद्रची थार (२०१०, नवी आवृत्ती २०२०) नाशिकला तयार होते. पुण्याच्या फोर्स मोटर्सच्या गुरखा या गाडीत पुढच्या व मागच्या दोन्ही आसांना चालकाने लावायचे डिफरन्शिअल लॉक आहेत; भारतीय बनावटीच्या गाड्यांत ही सोय विरळा.

रचना व तिचे परिणाम. गिअरबॉक्सच्या मागे बसवलेली ट्रान्सफर केस शक्ती पुढच्या व मागच्या प्रॉपेलर शाफ्टमध्ये (आसापर्यंत जाणाऱ्या फिरत्या दांड्यांत) वाटते. चालकाच्या हाताशी असलेल्या तिच्या दांड्यावर बहुधा टू-हाय (दोन चाके), फोर-हाय (चार चाके), न्यूट्रल व फोर-लो (चार चाके, लो-रेंज) अशा जागा असतात. फोर-लोमध्ये आणखी एक घट मिळते. विलिस एमबी जीपमध्ये पहिल्या गिअरचे गुणोत्तर २.६६५, लो-रेंजचे १.९७ व आसाचे ४.८८ होते, गुणाकार सुमारे २५.६. म्हणजे इंजिनाचा पीळ (टॉर्क) चाकांपर्यंत, घर्षणातील तूट सोडता, सुमारे पंचवीस पट होऊन पोहोचे आणि वेग त्याच प्रमाणात उतरे.

अशा 'पार्ट-टाइम' व्यवस्थेत मधले डिफरन्शिअल नसते. फोर-हाय किंवा फोर-लो लावले, की पुढचा व मागचा शाफ्ट एकमेकांना जखडले जातात आणि त्यांना एकाच गतीने फिरावे लागते. वळताना पुढच्या आसाला मात्र लांबचा पल्ला कापावा लागतो. विलिस जीपच्या आसांमधील अंतर सुमारे २.०३ मीटर. मागच्या आसाचा मध्य ५ मीटर त्रिज्येने काटकोनात वळला तर तो ७.८५ मीटर जातो आणि पुढच्या आसाचा मध्य सुमारे ८.४८ मीटर. हा ६२ सेंटिमीटरचा फरक म्हणजे चाकाचा पाव फेऱ्याहून थोडा अधिक भाग, आणि आसाचे गुणोत्तर लक्षात घेता प्रॉपेलर शाफ्टचा सव्वा फेऱ्याहून अधिक. चिखलात वा सैल मातीत टायर घसरून हा फरक जिरतो. कोरड्या डांबरावर किंवा काँक्रीटवर टायर घसरत नाहीत. मग पीळ शाफ्ट, क्रॉस आणि दंतचक्रांत साठत जातो. स्टिअरिंग जड होते, गाडी अडखळते, टू-हायवर येण्यासाठी दांडा सुटत नाही. अशा वेळी दांड्यावर जोर न काढता गाडी सरळ रेषेत थोडी मागे घ्यावी. पीळ उतरला की दांडा सुटतो. कोरड्या पक्क्या रस्त्यावर पार्ट-टाइम फोर-व्हील ड्राइव्ह लावू नये, हा नियम यातूनच आला आहे.

रेंज रोव्हर (१९७०) आणि सोव्हिएत बनावटीची निवा (१९७७) यांसारख्या फुल-टाइम गाड्यांत मधले डिफरन्शिअल हा फरक सामावून घेते, म्हणून त्या पक्क्या रस्त्यावरही चारही चाकांवर चालतात. मात्र मधला लॉक लावला, की वरचाच नियम त्यांना लागू होतो. साध्या डिफरन्शिअलची दुसरी मर्यादा अशी, की ते दोन्ही चाकांना सारखाच पीळ देते. एक चाक अधांतरी गेले तर त्याला लागतो तेवढा नगण्य पीळच दुसऱ्याला मिळतो. यावर डिफरन्शिअल लॉक हा उपाय. तो सरळ जाताना, संथ वेगात लावावा आणि अडचण संपताच काढावा.

चालन. फोर-व्हील ड्राइव्ह रुतण्यापूर्वी लावायची असते. चाक जागच्या जागी फिरू लागले की ते खड्डा खणते; शेवटी आस मातीवर टेकतो आणि मग चारही चाके असून उपयोग नसतो. आसाच्या पोटाची उंची, पुढचा व मागचा कोन आणि दोन आसांमधल्या पोटाचा कोन ही मापे चालकाला पाठ असावीत; किती खडा चढ, उतार वा उंचवटा गाडी न टेकता पार करील, हे त्या कोनांवरून कळते. थारच्या २०२० च्या आवृत्तीसाठी ती अनुक्रमे २२६ मिलिमीटर, ४१.८ अंश, ३६.८ अंश व २७ अंश दिली आहेत. बैलगाडीच्या किंवा ट्रॅक्टरच्या खोल चाकोरीत चाके उतरवण्याआधी मधला उंचवटा या उंचीत बसतो का, हे उतरून पाहावे.

चढ सरळ रेषेत चढावा. गाडी मध्येच थांबली तर वळवण्याचा प्रयत्न करू नये. आडव्या उतारावर ती कलंडते. रिव्हर्स गिअर टाकून, क्लच पूर्ण सोडून, इंजिनाच्या आवरावर (इंजिन ब्रेकिंगवर) सरळ मागे उतरावे. उतरणीला फोर-लो व पहिला गिअर ठेवावा. क्लच दाबला की इंजिनाचा आवर सुटतो. स्टिअरिंगच्या चक्राभोवती अंगठे गुंडाळू नयेत, दगडावर चाक आपटले की चक्र झटक्याने फिरते. सीटचा पट्टा रस्त्याबाहेर संथ वेगातही हवाच, कारण तिथला मुख्य धोका कलंडण्याचा आहे.

मातीचा प्रकार ओळखणे ही यातली मोठी विद्या. दख्खनच्या काळ्या जमिनीतली चिकणमाती पाण्याने फुगते आणि टायरच्या खाचा भरून त्याला गुळगुळीत करते. वाफसा येईपर्यंत अशा शेतवाटेवर न जाणे इष्ट. कोकणातल्या जांभ्यावर खाली कातळ असल्याने पकड मिळते, पण पावसाळ्यात शेवाळ धरते. वाळूत हवा ३०-३५ पौंडांवरून १५-१८ पौंडांपर्यंत उतरवली की टायर लांब पसरतो आणि दाब वाटला जातो. त्याहून खाली गेल्यास टायर रिमवरून निसटण्याची भीती असते. पक्क्या रस्त्यावर येताच हवा पुन्हा भरावी. कमी हवेचा टायर वेगात तापून फुटतो.

ओढा ओलांडण्यापूर्वी शक्यतो पायी उतरून तळ व खोली पाहावी. जोराच्या प्रवाहात किंवा फरशी पुलावरून वाहणाऱ्या गढूळ पाण्यात पायही घालू नये आणि गाडीही. कारखान्याने दिलेली मर्यादा (थारसाठी ६५० मिलिमीटर) स्थिर पाण्याची असते. पाण्यात गिअर न बदलता, पुढे छोटी लाट राहील अशा समान वेगाने जावे. हवेच्या नळीतून पाणी सिलिंडरमध्ये गेल्यास ते दाबले जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. म्हणून पाण्यात बंद पडलेली गाडी स्टार्टर मारून चालू करू नये. बाहेर ओढून काढावी.

रुतलेली गाडी ओढताना माणसे जखमी होतात ती बहुधा दोर तुटल्याने किंवा आकडा उखडल्याने. ट्रेलर जोडण्याचा गोळा या कामासाठी नसतो. झटक्याने तो तुटून गोळीसारखा येतो. चॅसिसला पक्क्या केलेल्या आकड्यालाच शॅकल (दोर अडकवण्याची पोलादी कडी) लावावे. ताणणारा पट्टा झटक्याने ओढण्यासाठी, न ताणणारा संथ ओढण्यासाठी. यांची अदलाबदल करू नये. विंचची (गाडीवरच्या दोर गुंडाळणाऱ्या यंत्राची) क्षमता भारासह गाडीच्या वजनाच्या किमान दीडपट असावी. वायररोपवर जाड गोणपाट किंवा ब्लँकेट टाकावे, हातमोजे घालावेत आणि बघ्यांना दोराच्या लांबीपलीकडे उभे करावे. अनेकदा फावड्याने चाकांपुढची माती काढणे आणि दगड भरणे अधिक जलद ठरते.

गोव्यात समुद्रकिनाऱ्यावर वाहन नेण्यास बंदी आहे. सह्याद्रीतील व कोकणातील सड्यांवर मातीचा थर अत्यंत पातळ असतो आणि पावसाळी वनस्पती त्यावरच वाढतात. तिथे पायवाटेबाहेर वाहन घालणे हा त्या वनस्पतींचा सरळ नाश आहे. कारखान्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ खाली निषिद्ध असून सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये ते कलम काटेकोरपणे लावले.

निगा. या गाड्यांत इंजिनाशिवाय गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस व दोन डिफरन्शिअल अशा चार ठिकाणी ऑइल असते. शेवटची तीन सर्वाधिक दुर्लक्षित. डिफरन्शिअलला जीएल-५ प्रतीचे ऑइल लागते. जुन्या गिअरबॉक्समध्ये पितळी सिंक्रो-कड्या असतील तर तेच ऑइल घालू नये, त्यातील गंधक-फॉस्फरसची द्रव्ये पितळ झिजवू शकतात; अशा ठिकाणी जीएल-४ योग्य.

तापलेला आस थंड पाण्यात गेला की आतली हवा आकसते आणि ऑइल सीलमधून पाणी ओढले जाते. हे टाळण्यासाठी आसावर ब्रीदर (हवा आत-बाहेर होऊ देणारी झडप) असतो. तो मातीने बुजलेला नाही ना, हे पाहावे. पाण्यातून आल्यावर डिफरन्शिअलचा नट किंचित ढिला करून ऑइल पाहावे. ते दुधाळ दिसल्यास लगेच बदलावे. ब्रेक संथ वेगात दाबून वाळवावेत. क्रॉस व स्लिप-जॉइंट यांना निपलमधून जुने ग्रीस बाहेर येईपर्यंत नवे भरावे. कमानपाटे, त्यांचे बुश व यू-बोल्ट तपासावेत, चॅसिसच्या पोकळीतला चिखल धुऊन काढावा. खाऱ्या पाण्यानंतर तर त्याच दिवशी. धुळीच्या प्रवासात एअर फिल्टर नेहमीच्या मुदतीआधी पाहावा.

फोर-व्हील ड्राइव्ह महिनोन्‌महिने न लावल्यास पुढच्या आसातील ऑइल फिरत नाही, सील कोरडे पडतात आणि दांडा अडतो. महिन्यातून एकदा कच्च्या रस्त्यावर काही किलोमीटर ती लावून चालवावी. चारही टायर एकाच मापाचे व जवळपास सारखे झिजलेले असावेत. मागे नवे आणि पुढे झिजलेले टायर असतील तर पार्ट-टाइम गाडीत सरळ जातानाही वर सांगितलेला पीळ साठतो.