पाटणचा मठ, फांदीवरचं माकड आणि दहावीचं बीजगणित

दहावीच्या बीजगणिताच्या वह्या उघडा. वर्गसमीकरणाच्या शाब्दिक उदाहरणात शेवटून दुसरी ओळ बहुतेक ठरलेली असते : 'परंतु वय ऋण नसते', नाहीतर 'परंतु लांबी ऋण नसते'. तिच्याखाली एक उत्तर खोडलेलं, एक चौकटीत. मुलं ही ओळ सवयीने लिहितात, कारण तिला मार्क आहेत. ती आली कुठून हे बघत मागे मागे गेलं, तर वाट थेट खानदेशातच येऊन पोचते, चाळीसगावजवळच्या पाटणादेवीच्या डोंगरात.

आज पाटण म्हटलं की आपल्याला चंडिकादेवीचं देऊळ, गौताळ्याचं जंगल, पावसाळ्यातले धबधबे आणि नवरात्रातली गर्दी आठवते. बाराव्या-तेराव्या शतकात मात्र हे निकुंभ घराण्यातल्या सामंतांचं, बाजारपेठ असलेलं नांदतं गाव होतं. तिथला शिलालेख शके ११२८चा आहे, म्हणजे इसवी सन १२०७. श्रावणातली पौर्णिमा होती आणि त्या दिवशी चंद्रग्रहण होतं. ज्योतिष शिकवणाऱ्या मठाच्या दानासाठी दिवस निवडला तोही असा. भाऊ दाजी लाड यांनी हा लेख वाचून १८६५ साली अभ्यासकांपुढे ठेवला.

लेखाचा मजकूर शाळेच्या संस्थापनेच्या कागदासारखा आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव हा देवगिरीच्या यादव राजा सिंघणाचा मुख्य ज्योतिषी होता. त्याने इथे मठ काढला, तो कशासाठी, तर आजोबांचा सिद्धान्तशिरोमणी आणि घराण्यातले इतर ग्रंथ शिकवले जावेत म्हणून. सोइदेव आणि त्याचा भाऊ हेमाडिदेव या निकुंभांनी मठाला दान दिलं. बहुतेक लेख संस्कृत श्लोकांत आहे, पण शेवटी बाजारातल्या करांचा कुठला हिस्सा मठाला हा तपशील आला की भाषा बदलते आणि मराठी सुरू होते. घाण्यामागे पळीभर तेल, अशा हिशेबात. माझ्या मते कारण साधं असावं. ज्याच्या घाण्यातून तेल जाणार त्याला तरी कशासाठी जातंय ते कळायला हवं ना! बीजगणित शिकवायला मिळालेलं अनुदान आणि आपल्या भाषेतला एक जुना लेख अशी दोन्ही मोलं त्या एका दगडात आहेत.

भास्कराचार्यांचं जन्मगाव पाटण की आणखी कुठलं, हा वाद जुना आहे. त्यांनी स्वतः सह्याद्रीच्या आश्रयाचं 'विज्जडविड' एवढंच सांगितलं. इथे तो वाद पुरे, मठ तर पाटणलाच होता.

त्या मठात शिकवायचं काय होतं? भास्कराचार्यांचा जन्म शके १०३६चा, म्हणजे १११४. छत्तिसाव्या वर्षी, ११५० साली, त्यांनी सिद्धान्तशिरोमणी लिहिला. लीलावती, बीजगणित, ग्रहगणित आणि गोलाध्याय हे त्याचे चार भाग. लीलावती अंकगणिताची, त्यामुळे लोकांच्या तोंडी तीच राहिली. शाळेत जे आपल्याला छळतं ते दुसऱ्या भागात आहे.

त्यात एक्स नाही. अव्यक्त राशीला 'यावत्तावत्' म्हणायचं, 'जितकं असेल तितकं', आणि लिहिताना नुसतं 'या'. दुसरी अव्यक्त राशी आली तर रंग घ्यायचे : कालक, नीलक, पीतक, लोहितक. म्हणजे का, नी, पी, लो. मोकळ्या संख्येला 'रू', रूप. वर्गाला 'व'. ऋण दाखवायला अंकावर टिंब. आणि समीकरणाच्या दोन बाजू आपण शेजारी शेजारी लिहितो तशा नव्हे, एकाखाली एक, या खाली या, रू खाली रू. आजीच्या बेरजेच्या वहीसारखं दिसतं ते.

आता माकडांचं गणित घ्या. माकडांच्या एका टोळीचा पाचवा भाग घेतला, त्यातून तीन वजा केले, आलेल्याचा वर्ग केला. तेवढी माकडं गुहेत शिरली. एक माकड फांदीवर बसलेलं दिसतं. टोळी केवढी? छेद काढून, सगळं आवरून भास्कराचार्य पहिल्या ओळीत 'याव १ या ५५ रू ०' मांडतात आणि खालच्या ओळीत 'याव ० या ० रू २५०', पंचावन्न आणि अडीचशे या दोन्हींवर ऋणाचं टिंब. मग आधीच्या काळातल्या श्रीधराचार्य या गणितज्ञांचा नियम लावतात : वर्गाच्या सहगुणकाच्या चौपटीने दोन्ही बाजू गुणायच्या आणि मधल्या पदाच्या सहगुणकाचा वर्ग दोन्हींकडे मिळवायचा. इथे खालच्या बाजूला ३०२५ वजा १०००, म्हणजे २०२५ उरतात. त्याचं मूळ ४५. उत्तरं दोन, ५० आणि ५.

आपल्या पुस्तकातली पूर्ण वर्ग पद्धत आणि तिच्यातून निघणारी सूत्र पद्धत हीच. चौपट केल्यामुळे अपूर्णांक टळतो, एवढी सोय श्रीधरांच्या नियमात जास्त आहे. गंमत अशी की ब्राझीलच्या शाळांत या सूत्राला आजही 'भास्कराचं सूत्र' म्हणतात. चाळीसगावातल्या क्लासमध्ये त्याला 'मायनस बी प्लस मायनस' म्हणतात.

खरी गोष्ट पुढे आहे. उत्तरं काढून झाल्यावर भास्कराचार्य थांबतात आणि सांगतात की दुसरं घेऊ नये, कारण ते जुळत नाही; व्यक्त संख्या ऋण झाली तर लोकांची तिच्यावर प्रतीती बसत नाही. पाच माकडं धरली तर पाचवा भाग एक, त्यातून तीन गेले, उरली उणे दोन माकडं. 'परंतु वय ऋण नसते' या ओळीचं गोत्र इथलं आहे. ब्रह्मगुप्ताने ६२८ सालीच धन-ऋणाचे नियम घालून दिले होते, त्यामुळे ऋण संख्येची भीती नव्हती. समीकरण सोडवणं हे एक काम आणि आलेलं उत्तर त्या गोष्टीत बसतं का हे बघणं हे दुसरं, इतकं ते स्पष्ट आहे.

पुढे हे पुस्तक बरंच हिंडलं. अकबराच्या दरबारातल्या फैजीने १५८७ साली लीलावती फारसीत नेली. हाच फैजी काही वर्षांनी, १५९१ मध्ये, वकील म्हणून दख्खनेत आला आणि खानदेशचा सुलतान राजा अली खान याच्याकडे बऱ्हाणपूरला राहिला. लीलावतीच्या मुलखात तिचा भाषांतरकार आला तो तहाच्या बोलण्यांसाठी. बीजगणिताचं फारसी भाषांतर अताउल्ला रशीदीने शहाजहानच्या काळात, १६३४-३५ च्या सुमारास केलं. अताउल्ला म्हणजे ताजमहालाच्या वास्तुकाराचा मुलगा, आणि औरंगाबादच्या, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या, बीबी का मकबऱ्यावर ज्याचं नाव आहे तोच. पाटणहून कन्नडचा घाट चढलात की तो मकबरा काही लांब नाही.

फारसीवरून १८१३ मध्ये स्ट्रॅची यांनी बीजगणित इंग्रजीत नेलं, आणि १८१७ मध्ये कोलब्रुक यांनी थेट संस्कृतावरून. पुढच्याच वर्षी, १८१८ मध्ये, खानदेश कंपनी सरकारच्या हाती गेला. मग शाळा आल्या आणि बीजगणित आलं, पण इंग्रजी वळणाचं. अज्ञातासाठी एक्स, वाय ही देकार्तची १६३७ची रीत. मराठी पुस्तकांनी त्यांची क्ष आणि य केली, नंतर क्ष सुटला आणि एक्स-वाय तसेच राहिले. विषयाचं नाव मात्र जुनंच टिकलं. जगभर अल्-ख्वारिज्मीच्या पुस्तकातल्या 'अल्-जब्र' या शब्दावरून अल्जिब्रा झाला, आपल्याकडे बीजगणितच राहिलं.

दहावीचं पुस्तक इथे थांबतं : दोन चलांतील रेषीय समीकरणं, वर्गसमीकरणं, अंकगणिती श्रेढी, अर्थनियोजन, संभाव्यता, सांख्यिकी. अकरावीला सायन्स घेतलं की पुढ्यात येतं फंक्शन. मराठीत फलन म्हणतात, वर्गात कोणी म्हणत नाही. ही कल्पना उशिराची आहे. शब्द लायब्निट्सचा, सतराव्या शतकाच्या अखेरचा. ऑयलरने १७३४ मध्ये 'एफ ऑफ एक्स' लिहायची रीत सुरू केली. एका राशीला दुसरी एकच राशी नेमून द्यायची, मग त्यामागे सूत्र असो वा नसो, ही आजची व्याख्या डिरिक्ले यांच्या १८३७ च्या मांडणीतून आली.

सूत्राशिवायचं फलन मुलांना पटत नाही. त्यांना कापूस वेचणीचं उदाहरण पटतं : किलोला दहा रुपये धरले तर वजन इतकं, मजुरी इतकी, आलेख सरळ रेषा. पण नुसत्या कोष्टकाचं काय? इथे पुन्हा पाटणच्या मठाकडे बघावं लागतं. सिद्धान्तात 'ज्या'चं, म्हणजे वर्तुळातल्या अर्ध्या जीवेच्या लांबीचं, कोष्टक असे. त्रिज्या ३४३८ कला (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग) धरून, २२५ कलांच्या अंतराने चोवीस ज्या. पहिली २२५, दुसरी ४४९, शेवटची ३४३८. कंस द्या, ज्या मिळते, दरवेळी एकच. फलन हा शब्द नव्हता, पण विद्यार्थी रोज ते वापरत होता. हीच ज्या, म्हणजे जीवा, अरबीत 'जीबा' झाली, मग वाचण्यातल्या घोटाळ्याने 'जैब' म्हणजे कपड्याचा खोळगा, त्याचं लॅटिन 'सायनस', आणि नववी-दहावीत ती आपल्याला साइन थीटा म्हणून भेटते, परदेशी पाहुण्यासारखी.

भाचा यंदा अकरावीला आहे. दिवाळीत तो आला तेव्हा त्याच्यापुढे माकडांचं गणित ठेवलं. सूत्राने दोन मिनिटांत ५० आणि ५ काढली, पाच खोडला, ठरलेली ओळ लिहिली. मग पेन तोंडात धरून बसला.

"हाई काय शे, मामा? उणे दोनचा वर्ग चार. गुहेत चार, फांदीवर एक. पाच भरतातच की!"

भरतात खरी. वर्गाने ऋणाचं चिन्ह गिळून टाकलं, म्हणून समीकरणाला काही खटकत नाही. खटकतं ते गुहेच्या दाराशी, वर्ग करण्याआधी. मी म्हटलं, तुमच्या फंक्शनच्या धड्यात पहिली ओळ कसली असते? "डोमेन," तो म्हणाला, म्हणजे एक्सला कुठल्या किमती चालतील ते, आणि गणिताच्या डोक्यावर लिहिलं : एक्स पाचाच्या पटीत, १५ पेक्षा मोठा. आता पाच खोडायचीही गरज उरली नाही, तो आत आलाच नव्हता.

मग त्याला त्याच ग्रंथातलं दुसरं दिलं. टोळीच्या आठव्या भागाचा वर्ग वनात खेळतोय, उरलेली बारा माकडं टेकडीवर आहेत. त्याने डोमेन आधी लिहिलं, आठाच्या पटीत. उत्तरं १६ आणि ४८ आली. दोन्ही आठाच्या पटीत, दोन्ही धन. सोळा धरली तर चार वनात, बारा टेकडीवर. अठ्ठेचाळीस धरली तर छत्तीस वनात, बारा टेकडीवर. दोनदा ताळा केला.

"आता यातलं खोडू कोणतं?"

"दोन्ही ठेव. भास्कराचार्यांनीही ठेवलीत."

त्याने दोन्हींभोवती चौकट केली, पण सोळाची जरा ठळक.