'निर्मिती' कुणाची? सांगलीतल्या एका मासिकाचा पॉडकास्ट होताना

हळद बाजारातले काही हमाल आज टेम्पोत बसून ज्या बाईंचा पॉडकास्ट ऐकतात, त्या मूळच्या मासिकाच्या संपादक. 'मासिक सोडून पॉडकास्टकडे वळल्या' असं त्यांच्याबद्दल सर्रास म्हटलं जातं. त्या मासिकाची प्रुफं मी बरीच वर्षं तपासली आहेत, आणि 'सोडून' हा शब्द मला पटत नाही. का पटत नाही, हे सांगायला थोडं मागं जावं लागेल.

फार मागं नको. मासिक काढणं आपल्या जिल्ह्याला कधीच परकं नव्हतं. किर्लोस्करवाडी तेव्हा औंध संस्थानात होती. तिथं कारखान्याच्या बरोबरीनं १९२० साली 'किर्लोस्कर खबर' सुरू झालं, पुढं १९३०ला 'स्त्री' आणि १९३४ला 'मनोहर'. घरोघरी वाचली जाणारी ही मासिकं मुंबई-पुण्याहून नव्हे, तर माळावरच्या एका वसाहतीतून पोस्टात पडत होती. दुसरा धागा आवाजाचा. सांगलीत १९६३ला आकाशवाणी केंद्र आलं आणि ओट्यावरच्या रेडिओतून आपल्याच भागातली माणसं बोलायला लागली. बाई वाढल्या त्या घरात फडताळात मासिकांचे गठ्ठे होते आणि वर रेडिओ. पुढच्या सगळ्या गोष्टीची तयारी तिथंच झालेली होती, असं मला वाटतं.

बाईंची सुरुवात एका छापखान्यात झाली. शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवण्याचे ते शेवटचे दिवस. मग संगणकावरचं डीटीपी आलं, आणि मुद्रितशोधक म्हणून बसलेल्या बाई हळूहळू संपादकाच्या खुर्चीत आल्या. सोळा पानांचा फर्मा, म्हणजे एका तावावर छापली जाणारी पानं, त्यांनी इतकी वर्षं हाताळला, की लेख हातात घेतल्यावर तो किती पानं खाणार हे त्या न मोजता सांगत. लेखकाला न दुखवता दोन परिच्छेद कसे काढायचे, हे मी त्यांच्याकडून शिकलो. 'तुमचा लेख तिसऱ्या परिच्छेदात सुरू होतो, आधीचे दोन तुम्ही स्वतःसाठी लिहिलेत,' असं त्या फोनवर सांगत, आणि समोरचा माणूस चक्क आभार मानून फोन ठेवायचा.

वर्षभराचे अंक तगायचे ते दिवाळी अंकावर, आणि दिवाळी अंक जाहिरातींवर: पतसंस्था, साखर कारखाने, सराफ, बियाण्यांची दुकानं. नोव्हेंबर २०१६च्या नोटाबंदीनंतर सहकारी संस्थांचे हात आखडले आणि पुढच्याच दिवाळीला जाहिरातींची पानं डोळ्यांत भरण्याइतकी कमी झाली. वर्गणीदार होते, पण वर्गणीत छपाई आणि पोस्टेज कसंबसं निघायचं.

आणि मग ऑगस्ट २०१९. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट. त्या वर्षी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. मासिकाचं कार्यालय गावभागात, तळमजल्यावर. दिवाळी अंकाचा कागद नुकताच येऊन पडला होता. पाणी ओसरल्यावर आम्ही कुलूप काढलं, तेव्हा जुन्या अंकांचे बांधीव खंड फुगून कपाटात असे गच्च बसले होते की एकही बाहेर निघेना. शेवटी सुतार बोलावून कपाटाच्या बाजू कापाव्या लागल्या. साध्या कागदावरचे अंक दोरीवर टाकून वाळवता आले. आर्ट पेपरची मुखपृष्ठं मात्र एकमेकांना चिकटून त्यांच्या विटा झाल्या होत्या. बाई त्यातली एक वीट हातात घेऊन बराच वेळ नुसत्या उभ्या होत्या.

त्या वर्षीचा अंक छोटा निघाला, पण निघाला. पुराचाच अंक होता तो. लिहायला कुणाकडे ना जागा होती ना मन, म्हणून लोकांनी व्हॉट्सॲपवर बोलून पाठवलं. कुणी गच्चीवरून, कुणी शाळेतल्या छावणीतून. ते आवाज ऐकून लिहून काढायचं काम माझ्याकडे होतं. एक बाई म्हशीचं दावं कापल्याचं सांगत होती. 'सोडली तिला' म्हणाली आणि पुढं काही क्षण काहीच नाही. मागं फक्त पाण्याचा आवाज. मी कागदावर तीन टिंबं दिली. बाईंनी प्रूफ वाचलं, मूळ आवाज मागून घेतला, दोनदा ऐकला आणि म्हणाल्या, 'हे टिंबात मावत नाही रे.' पॉडकास्टची सुरुवात सांगायची तर माझ्या मते ती ही. पुढं मार्च २०२०मध्ये टाळेबंदी लागली, छापखाना बंद, टपाल बंद, आणि जे मनात होतं ते करणं भागच पडलं. तोवर स्वस्त डेटा गावागावांत पोचला होता, आणि आवाजाची फाइल चढवायला पैसे पडत नव्हते. अंक पोचवण्याच्या खर्चात आयुष्य काढलेल्या संपादकाला ही गोष्ट केवढी मोठी वाटली असेल!

आता पॉडकास्टची 'निर्मिती' कुणाची, या वादाकडे येतो, कारण बाहेर जी चर्चा होते ती अर्धवट माहितीवर होते. पहिलं पर्व तयार झालं आणि शेवटी नावं वाचायची वेळ आली, तेव्हा 'निर्मिती' या शब्दापुढं कुणाचं नाव घ्यायचं यावर महिनाभर अडलं. नावं तीन होती. मायक्रोफोन, रेकॉर्डर आणि खोलीचं भाडं एका हितचिंतकानं दिलं होतं. सिनेमात पैसा घालतो तो निर्माता, तेव्हा निर्माता मीच, असं त्यांचं म्हणणं. दुसरा एक तरुण. रेकॉर्डिंग, आवाज साफ करणं, जोडणी, फाइल चढवणं सगळं त्याचं. ॲपवर बघा, हे करणाऱ्यालाच प्रोड्यूसर म्हणतात, असं तो म्हणे. आणि तिसरं नाव बाईंचं. विषय ठरवणं, माणूस शोधणं, त्याला बोलतं करणं, काय ठेवायचं नि काय गाळायचं, हे सगळं त्यांचं, पण त्या 'निर्माती' म्हणवून घ्यायला तयार नव्हत्या. त्यांना 'संपादन' हाच शब्द हवा होता.

गोंधळ शब्दातच आहे. मराठीत 'निर्माता' सिनेमातून आला तो पैसा बरोबर घेऊन. पण आकाशवाणीनं हाच शब्द निराळ्या अर्थानं वापरला. तिथं १९५०च्या दशकात लेखक-कलावंतांना प्रोड्यूसर म्हणून घेतलं गेलं. आपल्या माणदेशातला एक थोर कथाकार पुणे केंद्राच्या ग्रामीण कार्यक्रमांत अशाच कामावर वर्षानुवर्षं होता. त्या अर्थानं निर्माता म्हणजे कार्यक्रम मनात उभा करणारा माणूस. त्यानं पैसा घातलेला नसतो आणि टेप कापायला ब्लेड हातात घेईलच असंही नाही. 'पॉडकास्ट' हा शब्द २००४मध्ये आयपॉड आणि ब्रॉडकास्ट जोडून बनला आणि त्याच्याबरोबर प्रोड्यूसर पुन्हा नव्यानं आला. आता तो फोन लावतो, बोलतो, कापतो, जोडतो, चढवतो, सगळं एकटाच. एका शब्दात तीन कामं शिरली, आणि एकाच खोलीत तीन माणसं तीन अर्थ धरून बसली होती.

मग बाईंचा हट्ट 'संपादन'साठीच का? मोठेपणासाठी, असं काहींनी म्हटलं. ते खरं नाही. छापील नियतकालिकाच्या प्रत्येक प्रतीवर संपादकाचं नाव हवंच, असं १८६७चा कायदा सांगायचा. २०२४च्या मार्चपासून नवा कायदा लागू झाला, तोवर तोच चालू होता. 'मालक, मुद्रक, प्रकाशक, संपादक' ही शेवटच्या पानावरची बारीक ओळ वाचक बघतही नाहीत. पण मजकुरात चूक निघाली, कुणाची बदनामी झाली, तर उत्तर कुणी द्यायचं ते त्या ओळीत ठरलेलं असतं. बाईंनी ती ओळ वर्षानुवर्षं स्वतःच्या नावानं छापली आणि तिच्यापायी नोटिसाही घेतल्या. आवाजाच्या फाइलीला असं शेवटचं पान नसतं. त्यांना ते हवं होतं.

अखेर पहिल्या पर्वात 'संपादन' बाईंचं, 'ध्वनी आणि जोडणी' त्या तरुणाचं आणि 'साहाय्य' हितचिंतकांचं असं वाचलं गेलं. 'निर्मिती' हा शब्दच गाळला. हितचिंतक दुखावले आणि पुढच्या पर्वाला आले नाहीत. निर्णय योग्य होता असं मी आजही म्हणेन, पण तो आम्हाला महाग पडला, हेही खरं. पुढचे बरेच भाग पंखा बंद करून आणि खिडकीला गाद्या लावून ध्वनिमुद्रित झाले. बाहेरच्या जगात बाईंना आता 'पॉडकास्ट प्रोड्यूसर' म्हणतात आणि त्या ते खोडत बसत नाहीत.

संपादन म्हणजे काय, ते पॉडकास्टच्या सांगलीजवळच्या हरिपूरवरच्या भागात नीट ऐकू येतं. हळद साठवायची जमिनीखालची पेवं हे हरिपूरचं वैभव. २००५च्या महापुरात त्यातली बरीच बाद झाली. त्या भागात पेवात उतरणारा एक म्हातारा बोलतो. पेव उघडल्यावर लगेच आत जायचं नसतं, कोंडलेली हवा निघू द्यावी लागते, हे तो सांगतो आणि म्हणतो, 'घाई केली त्यो वर आला न्हाई.' मग थांबतो. तरुणानं ती शांतता कापून पुढचं वाक्य जवळ आणलं होतं. सगळे ॲप असंच शिकवतात, रिकामी जागा दिसली की काढा. बाईंनी ती सगळी परत घालायला लावली. 'न्हाई' आणि 'त्यो' प्रमाण भाषेत वाचून घ्यावं, अशी एका शिक्षकांची सूचना होती, ती त्यांनी नाकारली. मात्र म्हाताऱ्यानं शेजाऱ्याच्या जमिनीच्या भांडणावर काढलेली दहा मिनिटं त्यांनी एका झटक्यात उडवली. तिसऱ्या परिच्छेदात सुरू होणारा लेख त्यांना इथंही बरोबर दिसला.

त्याच भागात बाईंच्या निवेदनात पुराचं वर्ष २००६ असं गेलं. एका श्रोत्यानं कळवलं. तरुण म्हणाला, दोन मिनिटांचं काम आहे, फाइल बदलतो, कुणाला कळणारही नाही. ज्यांनी आधीच उतरवून घेतली त्यांच्या फोनमध्ये २००६च राहणार, त्यांचं काय, असं बाईंनी विचारलं. फाइल बदलली, आणि पुढच्या भागाच्या सुरुवातीला, संगीताच्याही आधी, बाईंच्या आवाजात ऐकू आलं : 'शुद्धिपत्र. मागच्या भागात महापुराचं वर्ष २००६ असं सांगितलं गेलं, ते २००५ असं ऐकावं. चूक संपादकाची.'