नऊशे ग्रॅमची दोन बाळे

नवजात अतिदक्षता विभागात शेजारशेजारच्या दोन पेट्यांवर ‘९०० ग्रॅम’ अशी एकच नोंद असली, की बाहेर बसलेले नातेवाईक दोन्ही बाळांना ‘अपुऱ्या दिवसांची’ म्हणून मोकळे होतात. १००० ग्रॅमच्या आतले वजन म्हणजे अत्यल्प जन्मवजन, एवढे खरे. पण ते कमी का आहे, हे काटा सांगत नाही.

पहिले बाळ गर्भारपणाच्या २६व्या आठवड्यात जन्मलेले आहे आणि त्या वयाला हे वजन योग्यच आहे. दुसरे ३२व्या आठवड्यात जन्मलेले आहे. वारेतून पुरेसे पोषण न मिळाल्याने ते अपेक्षेच्या निम्म्यावरच थांबले आहे. पहिल्याची त्वचा लालसर व पारदर्शक, कानाची पाळी दुमडली तर तशीच राहणारी, तळपाय जवळजवळ गुळगुळीत. दुसऱ्याचा कान लगेच उलगडतो, तळपायावर रेषा दिसतात, कातडी मात्र सैल लोंबते आणि डोके अंगाच्या मानाने मोठे वाटते.

मेंदूच्या बाबतीत खरा फरक पडतो तो वयाने. २६व्या आठवड्यात मेंदूच्या पृष्ठभागावर फारशा वळ्या पडलेल्या नसतात आणि आतील पोकळ्यांच्या कडेच्या थरातील रक्तवाहिन्या इतक्या नाजूक असतात, की रक्तस्राव झालाच तर तो बहुधा पहिल्या तीन दिवसांत होतो. म्हणूनच टाळूवरून सोनोग्राफी केली जाते. ३२ आठवड्यांपर्यंत तो नाजूक थर बराचसा विरलेला असतो. दुसऱ्या बाळाला साखर एकाएकी उतरण्याचा धोका अधिक. पोटात असताना त्याच्या शरीराने रक्त मेंदूकडे वळवलेले असते. याला ‘मेंदू राखणे’ म्हणतात, पण हा शब्द मला फसवा वाटतो, कारण उपासमार लांबली की डोक्याची वाढही खुंटते आणि अशा मुलांना पुढे शिकण्यात अडचणी येऊ शकतात.

बाळ कोणत्या गटात बसते, हे वजन आणि आठवडे एकत्र मांडणाऱ्या तक्त्यावर ठरते. ‘इंटरग्रोथ-२१’ या आंतरराष्ट्रीय प्रकल्पाच्या तक्त्यांसाठी ज्या आठ ठिकाणी मोजमापे झाली, त्यांत नागपूरही होते. ही रेषा पक्की नसते, हेही खरे: जन्मतः योग्य वजनाचे पहिले बाळ आजारपणात आणि अपुऱ्या पोषणात घरी जाईपर्यंत दुसऱ्याच्या पंगतीला येऊन बसू शकते. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात ५०१ ते १००० ग्रॅमच्या बाळांपैकी रुग्णालयात रोज किलोमागे सुमारे २१ ग्रॅम वाढलेल्यांचा विकास १२ ग्रॅमने वाढलेल्यांपेक्षा दीड-दोन वर्षांच्या वयात स्पष्टपणे चांगला आढळला. अर्थात जास्त आजारी बाळे कमी वाढतात, हेही त्यात आलेच. म्हणून वजनाबरोबर दर आठवड्याला भुवयांवरून टेप फिरवून डोक्याचा घेरही मोजतात. तो साधारण एक सेंटिमीटरने वाढावा.

घरी गेल्यावर वय मोजतानाही दोघांचा हिशेब निराळा असतो. सहा महिन्यांचे झाल्यावर पहिल्याचे, पूर्ण दिवसांच्या चाळीस आठवड्यांना कमी पडलेले चौदा आठवडे वजा करून, सुधारित वय तीन महिन्यांच्याही आत येते, तर दुसऱ्याचे चार महिन्यांच्या आसपास. त्यामुळे दुसऱ्याने मान सावरलेली असते आणि पहिल्याची अजून डुगडुगत असते, तर त्यात घाबरण्याजोगे काही नसते.