‘फोटो नॉर्मल’ : ल्युपस, मेंदू आणि स्कॅनची पार्श्वभूमी

सीटी असो की एमआरआय, आमच्या मराठवाड्यात दोन्हींचं नाव एकच, ‘डोक्याचा फोटो’. दोन वर्षांपूर्वी माझ्या मावसबहिणीचा असा फोटो काढला. वय २६. वर्षभर तिचे सांधे आखडायचे, केस पुंजक्यानं गळायचे, कापूस वेचून आली की नाकावर आणि दोन्ही गालांवर लाल चट्टा उठायचा. आम्ही सगळ्यांनी ते उन्हावर ढकललं. मग ती रात्र-रात्र जागू लागली, रांजणातल्या पाण्यात कुणीतरी काही कालवलंय म्हणू लागली. तालुक्याला सीटी झाली. चार ओळींचा रिपोर्ट, शेवटचा शब्द ‘नॉर्मल’. मावशीनं विचारलं, “साहेब, फोटोत काहीच निघालं नाही म्हणता, मग लेकराला झालंय तरी काय?” मनाचं आहे, असं उत्तर मिळालं. दोन महिने झोपेच्या गोळ्या चालल्या आणि एका पहाटे तिला फिट आली.

तिला ल्युपस होता. शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच पेशींवर उलटते, असा हा आजार. दर दहा रुग्णांत साधारण नऊ बायका, त्याही बहुतेक ऐन तरुणपणात. दिल्लीजवळच्या ग्रामीण भागात झालेल्या आणि १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत लाखामागे तीनच्या आसपास रुग्ण आढळले होते. म्हणजे आजार विरळा, पण तालुक्याच्या लोकसंख्येचा हिशेब केला तर आपल्या ओळखीत कधीच येणार नाही इतका विरळा नाही.

लॅटिनमध्ये ल्युपस म्हणजे लांडगा. चेहऱ्यावरच्या जखमा लांडग्यानं लचका तोडल्यासारख्या दिसत, म्हणून हे नाव पडलं, आणि कित्येक शतकं हा कातडीचाच रोग समजला गेला. १८७२ साली व्हिएन्नाच्या मोरित्झ कापोसी यांनी तो आतल्या अवयवांनाही धरतो हे मांडलं. पुढे विल्यम ऑस्लर यांनी विसाव्या शतकाच्या तोंडावर लिहिलेल्या निबंधांत मेंदूची लक्षणंही नोंदवली. डॉक्टरांना रोग्याची बडबड ऐकू येत होती, पडलेली अर्धी बाजू दिसत होती, पण जिवंत माणसाच्या कवटीत डोकावायचं कसं?

१८९५ साली क्ष-किरण सापडले खरे, पण त्यात कवटीचं हाड दिसे, मेंदू नाही. १९१९ साली वॉल्टर डँडी यांनी पाठीतलं पाणी काढून त्या जागी हवा भरायची आणि मग एक्स-रे घ्यायचा, अशी रीत काढली. हवा मेंदूतल्या पोकळ्यांत चढली की त्यांचा आकार उमटे. रोग्याला त्यानंतर दिवसचे दिवस डोकेदुखी आणि उलट्या. १९२७ मध्ये एगास मोनीझ यांनी मेंदूच्या रक्तवाहिन्यांत रंगद्रव्य सोडून त्यांचं चित्र मिळवलं. गाठ शोधायला हे उपाय चालले, पण ल्युपसमध्ये मेंदूच्या बारीक वाहिन्यांत जे घडतं ते यांपैकी कशातच दिसण्याजोगं नव्हतं.

रक्ताच्या तपासणीनं तोवर मजल मारली होती. १९४८ साली अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये हारग्रेव्हज आणि सहकाऱ्यांनी ‘एलई सेल’ ही ल्युपसमध्ये आढळणारी खास पेशी दाखवली आणि ल्युपसला पहिल्यांदा प्रयोगशाळेचा पुरावा मिळाला. त्याच वर्षी १७ सप्टेंबरला मराठवाडा निजामाच्या राज्यातून सुटला. तोवर आमच्या भागाची राजधानी हैदराबाद, मोठं दुखणं म्हटलं की वाट तिकडची. औरंगाबादला सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आलं १९५६ साली, ज्याच्या दवाखान्याला आजही सगळे ‘घाटी’ म्हणतात. अंबाजोगाईचं ग्रामीण महाविद्यालय सत्तरच्या दशकातलं. हे सांगायचं कारण, आधी पिढ्यान्‌पिढ्या अशा बायकांच्या दुखण्याला आमच्याकडे ‘बाहेरचं’ एवढाच शब्द होता. त्यांच्यापैकी कितीजणींना खरं तर ल्युपस होता, हा विचार मला अलीकडे फार छळतो.

या विषयातला मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटणारा अभ्यास १९६८ चा, म्हणजे स्कॅन यायच्या आधीचा. रिचर्ड जॉन्सन आणि एडवर्ड रिचर्डसन यांनी ल्युपसच्या २४ रुग्णांचे मेंदू मृत्यूनंतर सूक्ष्मदर्शकाखाली तपासले. तोवरची समजूत अशी की ल्युपसमध्ये मेंदूच्या रक्तवाहिन्यांना सूज येते. त्यांना तशी खरी सूज क्वचितच सापडली. सापडलं ते असं : बारीक वाहिन्यांच्या भिंती बिघडलेल्या आणि त्यांच्या अवतीभवती रक्त न पोचून मेलेले तिळाएवढे, त्याहूनही लहान ठिपके. काही मेंदूंत तर हयातीतल्या लक्षणांशी जुळेल असं फारसं काही मिळालंच नाही. मेंदू हातात घेऊन, चकत्या करून जे दिसत नव्हतं, ते बाहेरून काढलेल्या फोटोत दिसावं अशी अपेक्षा आपण पुढची पन्नास वर्षं धरून बसलो.

१ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनच्या अ‍ॅटकिन्सन मॉर्ली रुग्णालयात गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांच्या यंत्रानं पहिल्या रुग्णाचा मेंदू टिपला. चित्र अवघ्या ८० गुणिले ८० ठिपक्यांचं, पण त्यात मेंदूतली गाठ दिसली. १९७९ साली त्यांना आणि अ‍ॅलन कॉर्मॅक यांना नोबेल मिळालं. ल्युपसच्या रुग्णांची सीटी होऊ लागली तेव्हा रक्तस्राव आणि पक्षाघाताचे मोठे झटके पटकन कळू लागले. बाकीच्या पुष्कळ जणांत एवढंच दिसे की मेंदू थोडा आक्रसलाय. तोही आजारानं की उपचारानं, हे सांगता येत नसे, कारण स्टेरॉइडनंही मेंदू आक्रसल्यासारखा दिसतो आणि डोस उतरल्यावर कधी कधी पुन्हा भरतो.

एमआरआयनं चित्र बदललं. अमेरिकेतल्या लाउटरबर यांची चुंबकानं चित्र काढायची कल्पना १९७३ ची, स्कॉटलंडच्या अ‍ॅबर्डीनला पहिल्या रुग्णाचा उपयोगी स्कॅन झाला ऑगस्ट १९८० मध्ये. दशक अर्ध्यावर येईतो ल्युपसमध्येही तो वापरात आला आणि सीटीत न दिसणारे पांढरे ठिपके मेंदूच्या आतल्या भागात चमकू लागले. पण हे ठिपके रक्तदाबात येतात, अर्धशिशीत येतात, नुसत्या वयानंही येतात. ठिपका स्वतःहून ल्युपसचं नाव सांगत नाही.

याच सुमारास, १९८३ साली, लंडनच्या ग्रॅहम ह्यूज यांनी रक्त गोठवणाऱ्या प्रतिपिंडांचा (अँटीबॉडीजचा) आजार मांडला, आणि ल्युपसमध्ये मेंदूवर दोन वेगळ्या वाटांनी घाला पडतो हे हळूहळू उलगडलं. एक वाट गुठळीची : वाहिनी तुंबते, मेंदूचा तुकडा मरतो. एमआरआयच्या डिफ्युजन तंत्रात ताजा झटका लख्ख दिसतो. दुसरी वाट प्रतिपिंडांची. २००१ मध्ये बेटी डायमंड यांच्या गटानं दाखवलं की ल्युपसमधली डीएनएविरोधी काही प्रतिपिंडं चेतापेशींवरच्या एनएमडीए रिसेप्टर या संदेश झेलणाऱ्या जागांनाही चिकटतात. रक्त आणि मेंदू यांच्यामधला बांध फुटला की ती आत शिरतात. उंदरांवरच्या प्रयोगांत त्यांनी कुठे स्मृती बिघडवली, कुठे भीतीची प्रतिक्रिया. या वाटेनं माणसाचं भान जाऊ शकतं आणि फोटो स्वच्छ राहू शकतो. माझ्या बहिणीचं तेच झालं होतं, असं तिच्या डॉक्टरांचं मत.

१९९९ साली अमेरिकेतल्या संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेनं ल्युपसमधल्या चेतासंस्थेच्या १९ तक्रारींची व्याख्या केली. फिट, झटका, भ्रम, अगदी डोकेदुखीही त्यात आहे. पेट आणि स्पेक्ट हे स्कॅनही मधल्या काळात आले, ते रक्तप्रवाह आणि साखरेचा वापर दाखवतात, पण निदानाचा निकाल त्यांच्यावर लागत नाही.

मग स्कॅन कशाला? आमच्या भागात त्याचं उत्तर फार ठोस आहे. इथे फिट आली की पहिला संशय टीबीच्या गाठीचा, नाहीतर मेंदूत बसलेल्या फीतकृमीच्या अळीचा. ल्युपसच्या रुग्णाची प्रतिकारशक्ती औषधांनी आधीच दबलेली, तिला टीबी सहज गाठतो. ल्युपस समजून स्टेरॉइड वाढवलं आणि आत टीबी निघाला, तर जिवावर बेततं. म्हणून एमआरआय करायचा, पाठीतलं पाणी तपासायचं. स्कॅन दुसरे आजार बाजूला सारतो, गुठळी दाखवतो. कॉन्ट्रास्ट, म्हणजे चित्र ठळक करणारं औषध, देण्याआधी मात्र मूत्रपिंडाचं काम सांगणारं रक्तातलं क्रिएटिनिन पाहावं लागतं, कारण ल्युपस मूत्रपिंडही धरतो.

बहिणीला फिट आल्यावर आम्ही तिला मोठ्या शहरात नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी आधी फिल्म हातातच घेतली नाही. गाल पाहिले, तोंड उघडायला लावून टाळूवरचे व्रण पाहिले, लघवी तपासायला पाठवली. प्रथिनं भरपूर. मग एएनए आणि कॉम्प्लिमेंट या रक्ताच्या तपासण्या, पाठीतलं पाणी, आणि शेवटी एमआरआय. त्यात दोन बारीक पांढरे ठिपके निघाले. “यावर मी निदान करत नाहीये,” बाई मावशीला म्हणाल्या, “पण पुढच्या वेळी नवीन काही आलं तर जुनं कोणतं ते मला कळायला पाहिजे. ही फिल्म जपा.”

मावशीनं ती जपलीय. मोठं पिवळं पाकीट लोखंडी पेटीत, गोधड्यांच्या खाली, दुमडू नये म्हणून पुठ्ठ्यावर सपाट ठेवलेलं. दर तपासणीला ते पिशवीत नाही घालत, हातात धरून नेते.