सूर्यबिंबावरचा बुध आणि साधा कॅमेरा

बुध किंवा शुक्र हे ग्रह पृथ्वी आणि सूर्य यांच्या नेमके मधून जातात, तेव्हा सूर्यबिंबावरून एक काळा ठिपका सावकाश सरकताना दिसतो. या घटनेला अधिक्रमण म्हणतात. बुधाची कक्षा पृथ्वीच्या कक्षेशी ७ अंशांनी कललेली असल्यामुळे तो बहुतेक वेळा सूर्याच्या वरून किंवा खालून निघून जातो आणि त्याची अधिक्रमणे शतकात तेरा-चौदाच होतात. शुक्राचे पुढचे अधिक्रमण तर थेट डिसेंबर २११७ मध्ये आहे. बुधासाठी मात्र एवढे थांबावे लागणार नाही. १३ नोव्हेंबर २०३२ रोजी, भारतीय वेळेनुसार दुपारी सव्वाबाराच्या आसपास सुरू होऊन साडेचारनंतर संपणारे त्याचे अधिक्रमण महाराष्ट्रातून आरंभापासून अखेरपर्यंत पाहता येईल. ९ मे २०१६ रोजी हे भाग्य लाभले नव्हते, कारण तेव्हा अधिक्रमण निम्मे होण्याआधीच आपल्याकडे सूर्य मावळला होता.

अधिक्रमणाचे छायाचित्र साध्या कॅमेऱ्याने टिपता येईल का, याचे उत्तर थोड्या आकडेमोडीत मिळते. लेन्सच्या फोकल लांबीला (लेन्सवर मिलीमीटरमध्ये लिहिलेला आकडा) साधारण १०९ ने भागले की सेन्सरवर उमटणाऱ्या सूर्यप्रतिमेचा व्यास मिळतो. ३०० मिलीमीटरच्या लेन्ससाठी तो पावणेतीन मिलीमीटर भरतो, आणि सेन्सरवरचा एक पिक्सेल ४ मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलीमीटरचा हजारावा भाग) धरल्यास सूर्य सुमारे ७०० पिक्सेल व्यापतो. नोव्हेंबरमधील अधिक्रमणात बुधाचा कोनीय व्यास, म्हणजे आकाशात दिसणारी रुंदी, १० विकला (एक विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) असतो, तर सूर्याचा जवळपास १९४० विकला. म्हणजे बुधाच्या वाट्याला जेमतेम साडेतीन पिक्सेल येतात. हाच हिशोब ५० मिलीमीटरच्या लेन्सला लावला तर बुध अर्ध्या पिक्सेलवर येतो आणि सूर्याच्या झगमगाटात पुसला जातो. मोबाईलच्या मुख्य कॅमेऱ्याचीही हीच अडचण आहे. २०१२ च्या अधिक्रमणात ५८ विकलांच्या शुक्राने ३०० मिलीमीटरच्या लेन्सवरही वीसहून अधिक पिक्सेल व्यापले असते, त्यामुळे शुक्राच्या छायाचित्रांवरून बुधाविषयी अपेक्षा बांधू नयेत. माझ्या मते ३०० मिलीमीटर ही खालची मर्यादा समजावी आणि शक्य असल्यास फोकल लांबी दुप्पट करणारा टेलिकन्व्हर्टर (कॅमेरा आणि लेन्स यांच्या मध्ये बसणारी जोडभिंग) जोडावा.

सौर फिल्टरच्या बाबतीत कोणतीही तडजोड चालणार नाही. तो लेन्सच्या पुढे, सूर्याच्या बाजूला, घट्ट बसलेला असावा आणि वाऱ्याने निघू नये म्हणून कडेने चिकटपट्टी लावावी. डोळ्यांनाही सुरक्षित असलेली सौर फिल्म प्रकाशाचा केवळ एक लक्षांश भाग आत सोडते. एक्स-रेची फिल्म, काजळी धरलेली काच किंवा गॉगल एकावर एक ठेवून हे काम होत नाही, कारण दृश्य प्रकाश मंद झाला तरी अवरक्त किरण त्यांतून जाऊ शकतात आणि डोळ्याचा पडदा भाजत असताना वेदना मुळीच होत नाहीत.

३०० मिलीमीटरची लेन्स नसेल तर छोट्या दुर्बिणीतून सूर्याची प्रतिमा पांढऱ्या कागदावर पाडावी आणि कागदाचे छायाचित्र मोबाईलने घ्यावे. कागदावरचा सूर्य १५ सेंटीमीटरचा केला तर बुध पाऊण मिलीमीटरचा दिसतो. दुर्बिणीजवळ कोणीतरी सतत उभे राहिले पाहिजे. नेत्रिकेला (दुर्बिणीच्या डोळ्याकडच्या भिंगाला) डोळा लावण्याचा मोह लहान मुलांना होतोच. पॅरिसमध्ये ७ नोव्हेंबर १६३१ रोजी फ्रेंच खगोल अभ्यासक प्येर गासेंदी यांनी अंधाऱ्या खोलीत कागदावर सूर्यप्रतिमा पाडूनच बुधाचे अधिक्रमण पाहिले. ठिपका इतका लहान निघाला की त्यांना तो आधी सौरडाग, म्हणजे सूर्याच्या पृष्ठभागावरचा काळसर डाग, वाटला. त्याच्या वेगवान सरकण्यामुळे हा बुध आहे हे त्यांनी ओळखले.

ही कसोटी आजही तितकीच उपयोगी आहे. मोठ्या सौरडागाला गडद गाभ्याभोवती फिकट किनार असते, तर बुध सर्वत्र सारखा काळा आणि रेखीव गोल असतो. शिवाय साधारण दोन मिनिटांत तो स्वतःच्या व्यासाइतका पुढे जातो, त्यामुळे दहा मिनिटांच्या अंतराने घेतलेली दोन छायाचित्रे शेजारी ठेवली की शंका उरत नाही.

फोकस स्वयंचलित ठेवू नये. सूर्याची कडा किंवा एखादा सौरडाग स्क्रीनवर मोठा करून तो हाताने जुळवावा आणि ऊन्हाने लेन्स तापत जाते म्हणून अधूनमधून पुन्हा तपासावा. एक लक्षांश प्रकाश सोडणाऱ्या फिल्टरसह आयएसओ (सेन्सरची प्रकाशाला संवेदनशीलता) १०० आणि लेन्सचे छिद्र एफ ८ ठेवल्यास सेकंदाच्या चारशेव्या भागाच्या एक्सपोजरपासून सुरुवात करता येते. मग थोडे कमी-जास्त एक्सपोजर देऊन पाहावे. हा सराव आजच्या सूर्यावरही होतो. तिवईवर स्थिर ठेवलेल्या कॅमेऱ्यात दुपार उतरताना सूर्यबिंब चौकटीच्या तुलनेत हळूहळू फिरते, त्यामुळे सर्व छायाचित्रे जशीच्या तशी एकावर एक ठेवली तर बुधाचा सरळ मार्ग वाकडा उमटतो. प्रत्येक चित्रातले सौरडाग एकमेकांवर जुळतील अशी चित्रे फिरवून घेतली की तो जवळपास सरळ होतो.