समावेशित शिक्षण : प्राथमिक शिक्षकांची समज आणि वर्गातील व्यवहार

समावेशित शिक्षण म्हणजे दिव्यांग आणि अन्य मुलांनी एकाच वर्गात शिकावे आणि त्यासाठी अध्यापनाची रीत मुलांच्या गरजेप्रमाणे बदलावी, अशी शिक्षणव्यवस्था. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये तिची हीच दोन अंगे सांगितली आहेत. महाराष्ट्रातील प्राथमिक शाळांत पहिले अंग बरेच रुळले आहे. दुसरे मात्र शिक्षकागणिक बदलते.

केंद्र शासनाच्या १९७४ च्या एकात्म शिक्षण योजनेत मुलाने चालू वर्गाशी जुळवून घ्यावे, अशी अपेक्षा होती. १९९४ मध्ये स्पेनमधील युनेस्कोच्या परिषदेत निघालेल्या सालामांका जाहीरनाम्याने बदलण्याची जबाबदारी शाळेवर टाकली, तरी मूल पटावर आले आणि पुढच्या बाकावर बसले की समावेशन झाले, ही समज अजून टिकून आहे. तिच्या जोडीला, हे काम शाळेत अधूनमधून येणाऱ्या विशेष शिक्षकाचे, असेही मानले जाते. अंधत्व किंवा चालण्यातील अडचण चटकन ध्यानात येते. २०१६ च्या कायद्यातील दिव्यांगत्वाच्या एकवीस प्रकारांत असलेली विशिष्ट अध्ययन अक्षमता, म्हणजे वाचन, लेखन किंवा गणित शिकण्यातील अडचण, मात्र ‘लक्ष नाही’, ‘आळशी आहे’ अशा शेऱ्यांखाली दडते. प्रमाणपत्राचाही असाच घोळ होतो. आरक्षणासारख्या लाभांना किमान ४० टक्के दिव्यांगत्वाचा दाखला लागतो. मुलाला फळ्याजवळ बसवायला तो लागत नाही.

प्रत्यक्ष अध्यापनातील बदल बहुधा लहान असतात. फळ्यावर लिहीत असतानाच ते मोठ्याने वाचल्यास अल्पदृष्टी मुलाला पाठ हाती लागतो. फळ्याकडे तोंड करून बोलल्यास कमी ऐकू येणाऱ्या मुलाला शिक्षकाचे ओठ दिसत नाहीत. गणितात ‘तेवीस’ ऐकून ३२ लिहिणारे मूल पुष्कळ वर्गांत भेटते, कारण मराठीत एकक आधी उच्चारला जातो. पहिलीत ही गफलत कोणाचीही होते. ती तिसरीनंतरही टिकली तर तपासणीची गरज असू शकते. तोवर दहाचे दोन गठ्ठे आणि तीन सुट्या काड्या मांडून संख्या आधी हाताने रचायला लावणे उपयोगी पडते. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकातील, ‘तेवीस’साठी दिलेल्या ‘वीस तीन’ या वाचनावरून राज्यभर वाद पेटला. त्या गदारोळात अशा मुलांची सोय फारशी कोणी विचारात घेतली नाही.

शिक्षणहक्क कायद्यानुसार साठपर्यंत पट असलेल्या प्राथमिक शाळेला दोन शिक्षक मिळतात, त्यामुळे एका शिक्षकाकडे दोन-दोन इयत्ता असणे नेहमीचे आहे. ही अडचण खरीच. पण एकाच वेळी दोन गटांना वेगळे काम लावण्याची सवय अशा शिक्षकांना असते आणि समावेशित वर्गाला नेमके तेच कसब लागते. मोठ्या एकवर्गी तुकडीतील शिक्षकाला ते नव्याने शिकावे लागते.

मूल्यमापनाचे चित्र सर्वांत कच्चे आहे. सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनात तोंडी उत्तर, कृती किंवा चित्र यांना वाव असूनही वर्णनात्मक नोंदी पुष्कळदा साच्यातून उतरवल्या जातात आणि ‘सुधारणा आवश्यक’ या शेऱ्यात मुलाला नेमके काय येते, हे कळत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये प्राथमिक स्तरावर दहा दिव्यांग विद्यार्थ्यांमागे एक विशेष शिक्षक असावा, असे प्रमाण सांगितले. तो शिक्षक मिळाला तरी ही नोंद रोजच्या वर्गशिक्षकालाच लिहावी लागते.