एका हेडरवर किती पंखे जोडावेत?

संगणकाच्या कॅबिनेटमध्ये पंखे वाढवताना बहुतेकांचे लक्ष जोडणीच्या रिकाम्या जागांकडे जाते. खरे तर आधी पाहायला हवा तो विद्युतप्रवाह. मदरबोर्डवरील पंख्याचा हेडर, म्हणजे पंख्याची वायर जिथे लावतात ती पिनांची जोडणी, साधारणपणे १२ व्होल्टवर १ ॲम्पिअर, म्हणजे १२ वॉट, एवढाच भार पेलतो. द्रवाने थंड करणाऱ्या यंत्रणेच्या पंपासाठी राखलेल्या हेडरची क्षमता बरेचदा याहून जास्त असते, आणि नेमका आकडा मदरबोर्डच्या माहितीपुस्तिकेत दिलेला असतो.

पंख्याच्या लेबलवर ०.२ ॲम्पिअर लिहिलेले असेल, तर कागदावर असे पाच पंखे एका हेडरवर चालायला हवेत. ही बेरीज मात्र फसवी ठरू शकते. मोटर फिरू लागली की तिच्यात पुरवठ्याला विरोध करणारा विद्युतदाब निर्माण होतो आणि तोच प्रवाहाला आवर घालतो. संगणक सुरू होण्याच्या क्षणी पाती स्थिर असल्याने हा विरोध नसतो, त्यामुळे नेहमीपेक्षा जास्त प्रवाह वाहू लागतो, तोही सगळ्या पंख्यांतून एकाच वेळी. एखादी वायर पात्यात अडकून पंखा थांबला, तरी स्थिती तीच. म्हणून स्प्लिटरवर (एका हेडरच्या अनेक शाखा करणाऱ्या वायरवर) दोन-तीन साधे पंखे जोडून थांबावे, हे बरे.

त्याहून अधिक पंख्यांसाठी स्वतंत्र पुरवठा घेणारा हब वापरावा. असा हब १२ व्होल्टचा पुरवठा साटा (SATA, हार्ड डिस्कला वीज देणाऱ्या) जोडणीतून थेट पॉवर सप्लायकडून घेतो आणि मदरबोर्डकडून फक्त वेग ठरवणारा संकेत घेतो, त्यामुळे हेडरवर भार जवळपास पडतच नाही. साटा जोडणीची १२ व्होल्टवरील मर्यादा ४.५ ॲम्पिअर असते. हबवर दहा जागा दिसल्या म्हणून हुरळून जाण्याचे कारण नाही; बेरीज इथेही करावीच लागते.

तीन पिनांच्या पंख्याला वेगाच्या संकेताची वायरच नसते. त्यामुळे चार पिनांच्या पंख्यांसोबत तो अशा हबवर जोडला, तर सहसा पूर्ण वेगानेच फिरत राहतो.

आपला वेग कळवण्यासाठी प्रत्येक पंखा एका फेरीत सहसा दोन विद्युत स्पंदने मदरबोर्डकडे परत पाठवतो. दोन पंख्यांची स्पंदने एकाच वायरवर मिसळली, तर वेगाचे वाचन चुकते. म्हणून चांगल्या स्प्लिटरमध्ये ही वायर एकाच शाखेला जोडलेली असते. ती शाखा रिकामी ठेवली आणि स्प्लिटर प्रोसेसरच्या पंख्याच्या हेडरवर असला, तर बाकीचे पंखे व्यवस्थित फिरत असतानाही पंखा बंद असल्याची सूचना पडद्यावर येऊ शकते.